सपाट जागेवरचा गरम फ्रीज

जालना जिल्ह्यात फिरायला जाण्यासारखं काय आहे, असं पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी विचारतात. माझं माहेर तिकडचं, त्यामुळं एरवी मी त्यांना चांगलं सुनावलं असतं. या वेळी सुनावायला तोंड राहिलं नाही. कारण या प्रवासात माझी निम्मी नजर बाहेरच्या शिवारावर होती आणि निम्मी एका दीड हात उंचीच्या फ्रीजवर. त्या फ्रीजनं माझं जे रक्त आटवलं ते आटवलंच. पण ज्याच्यावर चिडायला पाहिजे होतं ते सोडून मी सगळ्या जिल्ह्यावर चिडत होते, हे कळलं तेव्हा तर आणखीच डोकं फिरलं.

गाडी कशासाठी घेतली ते आधी सांगते. आई शहात्तरची आहे. पुण्यात माझ्या भावाकडं राहते. गुडघे गेलेत, आणि तासाभराला तिला संडास-बाथरूम लागतं. त्यामुळं एसटी बंद, रेल्वे बंद, कारनं लांबचा प्रवासही बंद. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, अंकुशनगरजवळ शेतात राहतो. त्याची बायपास झाल्यापासून तोही कुठं जात नाही. दोघं भाऊबहीण फोनवर एकमेकांच्या गोळ्या विचारत बसायचे. शेवटी माझ्या नवऱ्यानं, सुधीरनं, मोबाईलवर भाड्याची मोटरहोम शोधून काढली. आत पलंग, संडास, ओटा, गॅस आणि फ्रीज. आई ऐकल्याबरोबर बॅग भरायला लागली.

फ्रीज महत्त्वाचा, कारण आईला दोन वेळा इन्सुलिन लागतं. मागं एकदा तिची साखर अशी चढली होती की ती बोलता बोलता बेशुद्ध पडली, आणि आम्ही अतिदक्षता विभागाच्या दारात बसून दिवस काढले. इन्सुलिन गारव्यात राहिलं पाहिजे. तापलं की त्याचं पाणी झालं समजा. एप्रिलच्या तोंडावर मराठवाड्यात जायचं म्हणजे फ्रीज चालू राहणं हाच आमचा प्रवास होता, बाकी सगळं वरचं.

गाडीच्या मालकानं आम्हा तिघांना दारात उभं करून फ्रीज समजावून सांगितला. गाडी चालू असताना तो बॅटरीवर चालतो, उभी असली की गॅसवर. त्याच्या पाठीमागं छोटी ज्योत जळते, त्या ज्योतीनं आतल्या नळ्या तापतात आणि त्यानं फ्रीज थंड होतो. तापवून थंड करायचं! माझा विश्वासच बसेना. ज्योत विझली तर आपोआप पेटत नाही, बटण दाबून धरून पुन्हा पेटवावी लागते, आणि पेटली की छोट्या काचेतून निळी दिसते. आणि मुख्य म्हणजे गाडी सपाट जागेवर पाहिजे. कलती राहिली तर नळ्यांतलं पाणी वाहत नाही, गारवा थांबतो आणि बरेच दिवस असं केलं तर फ्रीज कायमचा जातो. "सपाट उभी करा मॅडम, बाकी काही टेन्शन नाही," हे त्यानं मला हसत सांगितलं. ते हसू मला अजून आठवतं.

बदनापूर

पहिला मुक्काम माझ्या मावसभावाकडं, दत्ताकडं. बदनापूरच्या अलीकडं त्याची मोसंबीची बाग आहे. स्वतः तो रोज सकाळी रेल्वेनं जालन्याला ऑफिसात जातो आणि संध्याकाळी येऊन बागेत पाणी धरतो. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, मोसंबीच्या पानांवर धूळ होती आणि आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या. मला यातलं काही दिसलं नाही. मला गोठ्याशेजारचं खळं दिसलं. सारवलेलं, टणक, ताटासारखं सपाट. मी म्हटलं, गाडी इथं लावा.

दत्ताचा चेहराच पडला. "मावशी इतक्या वर्षांनी आली आन् तिची गाडी गोठ्यापाशी लावू? लोकं काय म्हणतील, ताई? दारापुढंच लागंल गाडी."

दारापुढं चांगला उतार होता. पावसाचं पाणी घरात येऊ नये म्हणून मुद्दाम काढलेला. मी फ्रीज समजावला, नळ्या समजावल्या, आईची साखर समजावली. सगळ्यांनी बराबर बराबर म्हणत माना डोलावल्या आणि गाडी दारापुढं घ्यायला सुरुवात केली. पुण्यात पाहुण्यानं गाडी कुठं लावायची हे सोसायटीचा वॉचमन सांगतो आणि पाहुणा निमूट पलीकडच्या गल्लीत लावून येतो. इथं गाडी कुठं उभी राहिली यावरून माणसाचा मान ठरतो. आणि सुधीरला आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलेलं नाही. त्यानं स्टेअरिंग वळवलं.

मी ताटात पाणी घेऊन गाडीत खाली ठेवलं. पाणी एका काठाला गोळा झालं. दोन चाकांखाली सपाट दगड सारले, तरी थोडं कललेलंच. दत्ताच्या बायकोनं जेवायला येसराची आमटी, भाकरी आणि ठेचा केला होता. इतकं चांगलं जेवण मी रागारागात जेवले, चवच लागली नाही. झोपायच्या आधी फ्रीज पेटवला, निळी ज्योत डोळ्यांनी बघितली आणि मगच आडवी झाले.

सकाळी आई नेहमीप्रमाणं सगळ्यांच्या आधी उठली आणि गाडीतल्या ओट्यावर तिनं चहा केला. इन्सुलिन घेतलं. मग आम्ही बागेत गेलो. दुपारचं जेवण आणि आराम दत्ताच्या घरातच झाला, संध्याकाळी परत आलो तर गाडीपाशी जत्रा. आजूबाजूच्या वस्तीवरचे लोक गाडी बघायला आले होते, आणि दत्ताची बायको कौतुकानं प्रत्येकाला फ्रीज उघडून दाखवत होती. गाडीला ऊन लागू नये म्हणून तिनं बाहेरच्या अंगाला ओली गोधडी टांगली होती. ती नेमकी फ्रीजच्या जाळीवर, जिथून त्याची गरम हवा बाहेर पडते. मी आत जाऊन बघितलं तर लोण्याचं तेल झालेलं, दूध नासलेलं, आणि काचेत अंधार. ज्योत केव्हाच विझली होती. इन्सुलिनचा डबा हाताला गरम लागत होता.

मी त्या बाईला बोलले. दत्ताला बोलले, तो नुकता रेल्वेनं येऊन बूट काढत होता. सुधीरला तर सगळ्यात जास्त बोलले. दत्ताच्या बायकोनं औषध आपल्या घरातल्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं. पण दिवसभर पत्र्याच्या त्या भट्टीत राहिल्यावर औषधात काय उरणार? रात्री मी पुन्हा ज्योत पेटवली, दगड पुन्हा लावले. सकाळी ज्योत पुन्हा विझलेली. आईचं बोट टोचून साखर बघितली तर तीनशेच्या वर. तिचे ओठ सुकले होते आणि ती तांब्यावर तांब्या पाणी पीत होती.

नवीन जालना

पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, ते सगळं फेकून द्या, ताबडतोब नवीन घ्या. आम्ही तसेच निघालो. नवीन जालन्यात बियाणं कंपन्यांच्या पाट्या, आडत दुकानं, बँका, रिक्षा आणि मोटारसायकली यांतून आमचं ते धूड सरकत होतं आणि मागचे लोक हॉर्न वाजवत होते. औषधाच्या दुकानातल्या माणसानं नवीन इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत गुंडाळून दिलं. ते मी मांडीवर घेऊन बसले, तान्ह्या पोरासारखं. आईला तिथंच गाडीच्या दारात डोस दिला.

मग गाडीच्या मालकाला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, गाडी लेव्हलला लावली नसेल. मी म्हटलं, लावली होती. तो म्हणाला, मग बर्नरमध्ये कचरा असेल, साफ करून घ्या. म्हणजे भाडं त्यानं घ्यायचं आणि बर्नर मी साफ करायचा! मला जे सुचलं ते सगळं मी त्याला बोलले. फोन त्यानं ठेवला की रेंज गेली ते कळलं नाही. मी तरी बोलतच होते.

एका बँकेसमोर सावली बघून सुधीरनं बाहेरची जाळी काढली. आत काजळी होती, कडब्याचा भुसा होता, एक मेलेली गांधीलमाशी होती. त्यानं जुन्या टूथब्रशनं सगळं हळूहळू झाडून काढलं. दहाजण गोळा झाले आणि दहाजणांनी दहा सल्ले दिले. एकजण म्हणाला, याच्यात गॅस भरून घ्या. दुसरा म्हणाला, हे विकून टाका आन् एक बर्फाचा डबा घ्या. हा दुसरा शहाणा होता असं आता वाटतं. मी समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन गवंड्याची पाणसळ घेऊन आले. काचेच्या नळीत हवेचा बुडबुडा असतो, तो मधोमध आला की जागा सपाट. आता मला कोणी उतारावर लावून दाखवावी गाडी!

आई दारातल्या पायरीवर बसून हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "बाई, त्या फ्रीजचा नादच सोड. किती तरास करून घेशील?"

मी तिच्यावरही खेकसले. म्हटलं, हा नाद तुझ्यासाठीच आहे.

अंकुशनगर

अंबडच्या पुढं रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर लागले. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले, वरून ऊस लोंबणारे. साखर कारखान्याचा हंगाम संपत आला होता, तरी हवेत मळीचा आंबूस वास होता. आई खिडकीला नाक लावून बसली होती. तिला तो वास आवडतो. मामाच्या वस्तीवर पोचलो तेव्हा तो बाजेवर बसूनच वाट बघत होता. आईला आम्ही दोघांनी धरून उतरवलं. मामा उठला, जवळ आला आणि तिचा दंड चाचपून म्हणाला, "अक्का, लई वाळलीस गं." बस, एवढंच. मग दोघं बाजेवर बसले आणि बराच वेळ नुसतेच एकमेकांच्या हाताकडं बघत राहिले. तेवढी पाच मिनिटं मी फ्रीज विसरले होते.

मामीनं उसाच्या रसाचा पेला आईच्या हातात दिला आणि मी तो तसाच काढून घेतला. मामीला वाईट वाटलं. वाटू दे. इकडं पाहुण्याला गोड दिल्याशिवाय माणसांना चैन पडत नाही. घोटभरानं काय होतंय, म्हणाली. घोटाघोटानंच होतं सगळं, मी म्हटलं. मामीचा फ्रीज मागितला, तर तो उघडून दाखवताना ती हसली. आत शेंगदाणे, मसाल्याच्या बरण्या आणि सातबाऱ्याची पिशवी. शेतातली लाइट पाळीनं येते, त्यामुळं फ्रीजचं कपाट झालेलं. म्हणजे पुन्हा आमचाच तो निळ्या ज्योतीचा फ्रीज.

या वेळी मी कोणाचंही ऐकलं नाही. शेडपुढं सोयाबीन वाळवायचा सिमेंटचा ओटा आहे, तिथंच गाडी लागेल म्हणून सांगितलं. मामा म्हणाला, दारापुढं लाव की. मी म्हटलं, मामा, मान तुझ्याकडं राहू दे, मला सपाट जागा दे. पाणसळ लांबीत ठेवली, रुंदीत ठेवली, चाकाखाली एक फळी सारली. बुडबुडा दोन्हीकडं मधोमध. बर्नर स्वच्छ, जाळी मोकळी. ज्योत अशी पेटली की बघत राहावं. जेवणं होईपर्यंत आतला खण गार पडला होता. इन्सुलिन बर्फाच्या पिशवीसकट आत ठेवलं आणि मी प्रवासात पहिल्यांदा निवांत झोपले.

पहाटे आईच्या हालचालीनं जाग आली. मी डोळे किलकिले करून पडून राहिले. तिनं केस बांधले, गुडघ्यावर हात ठेवत उठली, ओट्यापाशी गेली. वाकून ओट्याखाली सिलिंडरकडं हात घातला आणि रेग्युलेटरची कळ फिरवून चालू केली. मग शेगडी पेटवून चहाचं आधण ठेवलं.

चालू करायचं म्हणजे आधी ते बंद असलं पाहिजे. मी उठून फ्रीजच्या काचेत बघितलं. अंधार. उतार नव्हता, गोधडी नव्हती, कचरा नव्हता. रोज आम्ही झोपलो की आई गॅस बंद करत होती आणि सकाळी चहाला चालू करत होती. ज्योत एकदा विझली की आपोआप पेटत नाही. घरोघरी बायका झोपताना हेच करतात. मीही करते. त्यामुळं हे सोडून बाकी सगळं माझ्या डोक्यात आलं होतं.

आधी मला वाटलं, बिचारीला कळलं नसेल. जुनी सवय, हात आपोआप गेला असेल. मी आवाज शक्य तेवढा खाली ठेवून तिला समजावायला गेले, की आई, हा फ्रीज गॅसवर चालतो.

ती म्हणाली, "म्हाईत हाय मला. त्या गाडीवाल्यानं माझ्यासमोरच सांगितल्तं की."

"मग बंद का करतेस?"

तिनं चहात साखर घातली, आमच्या दोघांच्याच कपात. "औषध खराब झालं तर मला एकटीला व्हईल काय व्हायचं ते. गॅसचं काही झालं तर तुम्ही दोघं बी इथंच झोपलेले. एवढीशी खोली, दार लावलेलं. मला झोप न्हाई लागत, बाई."

मी एवढी चिडले, एवढी चिडले की विचारू नका. तोंडातून शब्द फुटले ते थांबेनात. मी तिला म्हटलं, तुझा जीव काय भंगारात काढलाय का? आम्ही चाकांखाली दगड लावतोय, फोनवर भांडतोय, त्या दत्ताच्या बायकोला मी नाही नाही ते बोलले, आणि तुला माहीत होतं? साखर तीनशेच्या वर गेली तेव्हाही माहीत होतं? सुधीर उठून बसला. मामा-मामी दारात आले. मी सगळ्यांसमोर ओरडत होते आणि रडत होते. लाज वाटण्याच्या पलीकडं गेले होते.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं तोडगा सांगितला, अगदी साधा हिशोब मांडल्यासारखा. "मंग असं करा. तुम्ही दोघं मामाच्या घरात झोपा. मी एकटी झोपते गाडीत. मंग राहू द्या गॅस चालू."

हे ऐकल्यावर सुधीर, जो कधीच कोणाला नाही म्हणत नाही, तो म्हणाला, "नाही." एवढंच म्हणाला आणि चपला घालून बाहेर गेला. मामानं कपाळाला हात लावला.

बर्फाच्या पिशवीमुळं औषध वाचलं होतं, डॉक्टरांना विचारून खात्री केली. पुढचे दिवस आम्ही सगळे अंगणात बाजा टाकून झोपलो. एवढं भाडं भरून आणलेली मोटरहोम शेडपुढं रिकामी उभी, सपाट, पाणसळीला बरोबर, आणि तिच्यात एक फ्रीज एका डब्यासाठी जळत होता. आईची साखर उतरली. तिनं मामीला धपाटे शिकवले, मामाबरोबर बांधापर्यंत चालून आली, काठी टेकत. तिचा चेहरा मी किती वर्षांनी असा बघितला. लोक म्हणतात, मग झालं की सगळं चांगलं. झालं. पण मी तिच्या ताटात भाकरी वाढत होते आणि तिच्याकडं बघत नव्हते. येताना सिलिंडर मामाकडंच सोडला, गाडीवाल्याला त्याचे पैसे भरू म्हटलं, आणि वाटेत बर्फ घेत घेत पुण्याला आलो. बदनापूरला थांबून दत्ताच्या बायकोची माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या ताई, आणि मोसंबीची पिशवी हातात दिली.

आता आई भावाकडं आहे. रोज सकाळी मी फोन करून फक्त साखर विचारते. ती आकडा सांगते. चांगलाच असतो. पण तो यंत्रावर आलेला असतो की मला काळजी नको म्हणून तिनं ठरवलेला असतो, हे मला आता फोनवरून कळत नाही. मग मी भावाला फोन करते आणि म्हणते, जा, तिच्या शेजारी उभा राहा, आणि तुझ्या डोळ्यांनी बघून सांग.